पाचने पुढे

१

काटेबाईंना खोटा काटा खपत नसे. खोटा माणूस एक वेळ परवडला, त्या म्हणायच्या, त्याला तोंडावर चार शब्द सुनावता येतात. खोटा काटा गप्प बसून जीव घेतो. हे नाव काही त्यांच्या आईबापांनी ठेवलेलं नव्हतं. कारखान्यात बॉयलरचा दाब, भट्टीचा ताप, तेलाची पातळी दाखवणारे जेवढे म्हणून मीटर होते, ते सगळे ठरल्या वेळी त्यांच्या टेबलावर येत आणि सुतासारखे सरळ होऊन परत जात. नोकरी संपली तरी नाव चिकटून राहिलं. घरात भिंतीवरचं घड्याळ मिनिटभर पुढे गेलेलं दिसलं, तर बाई हातातला घास टाकून स्टुलावर चढत. नवरा होता तोवर तो मुकाट्याने स्टूल धरायचा.

मग नवरा गेला. घरमालकाने भाड्याचं घर परत मागितलं, आणि मुलाने आपल्याकडची मागची खोली आईसाठी रिकामी केली. खोली कसली, अडगळच ती. पण पोराने हौसेने रंग दिला, खाट टाकली, आणि खाटेशी हात पोचेल असं एक घंटीचं बटण बसवलं.

"काही लागलं तर दाबायचं, आई. उठायचं नाही."

बाई त्या बटणाकडे बघत राहिल्या. हातपाय धड, डोळे धड, बत्तिशी धड, आणि म्हणे उठायचं नाही! पोराच्या मनात काही वाईट नव्हतं, हेच तर दुखणं होतं. वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी एक जुनी घरगाडी विकत घेतली. पुढे चालकाची केबिन, मागे चार पावलांची खोली: एका बाजूला ओटा आणि शेगडी, समोर भांड्यांचं कपाट, आणि पार शेवटी आडवा पलंग. चाकांवरचा संसार.

"आई, तुझं डोकं ठिकाणावर आहे का?" मुलगा म्हणाला.

"डोकं ठिकाणावरच आहे. घर आता पाहिजे त्या ठिकाणावर नेईन."

बरीच आदळआपट झाली. शेवटी मायलेकांचं एक ठरलं. गाडी इतकी जुनी, की सरकारी तपासणीत पास झाल्याशिवाय रस्त्यावर ठेवता येणार नव्हती. पास झाली, तर मुलाने पुन्हा खोलीचं नाव काढायचं नाही. नापास झाली, तर आईने मुकाट्याने बटणाजवळ जाऊन निजायचं. बाईंनी टाळी दिली. शब्द दिला की त्या मोडत नसत, हे पोरालाही माहीत होतं.

२

गाडी ज्याच्याकडून घेतली तो म्हातारा जरा विचित्रच होता. बाई बघायला गेल्या तर हा चालकाच्या सीटवर बसलेला, इंजिन चालू, आणि खाली उतरायचं नाव नाही.

"घर दाखवता ना?" बाईंनी विचारलं.

"तुम्हीच बघा जाऊन मागे. मी बसतो इथे."

बाई मागे गेल्या. शेगडीवर दुधाचा एक डाग नाही. कपाटात भांडी नवीकोरी. आणि पलंगावरच्या गादीवर दुकानातलं प्लास्टिक अजून तसंच, पिवळं पडलेलं, पण कुठे फाटलेलं नाही. गाडी एवढी जुनी, आणि या गादीवर कोणी पाठ टेकलेली दिसेना. उलट पुढची सीट पार झिजलेली, स्प्रिंगा वर आलेल्या, आणि बाजूला कोंबलेलं पांघरूण, उशी, चहाचा मग.

"झोपता कुठे तुम्ही?"

"इथेच की."

"मग पलंग?"

"पलंग मागे आहे," म्हातारा म्हणाला. जणू एवढं सांगितलं की सगळं आलं.

एकेकाचं वेड, बाईंनी मनात म्हटलं. आपल्याला काय, गादी कोरी मिळते आहे. व्यवहार झाला, सह्या झाल्या, त्याही म्हाताऱ्याने मांडीवर कागद ठेवून केल्या. मग तो म्हणाला, "एक सांगून ठेवतो. स्पीडोमीटरचा काटा पाचने पुढे आहे. आहे तसा राहू द्या. बरोबर करायच्या भानगडीत पडू नका."

हे कोणाला सांगत होता? काटेबाईंना! मांजराला दुधाची राखण सांगण्यातला प्रकार. बाई नुसत्या हसल्या.

मग त्याने इंजिन चालूच ठेवून आपल्या बाजूचं दार उघडलं आणि घाईघाईने खाली घसरला. "बसा, बसा लवकर. सीट गार होऊ देऊ नका."

बाई चढून बसल्या. सीट खरंच गरम होती. म्हातारा भिंतीला धरून धरून चालू लागला, पहिल्यांदाच पायांवर उभं राहणाऱ्या पोरासारखा. कोपऱ्यावर वळला तरी त्याने मागे वळून पाहिलं नाही. वर्षानुवर्षांची गाडी विकून जाणारा माणूस एकदा तरी वळून बघतो, असं बाईंना वाटून गेलं.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई गाडी घेऊन गावाबाहेरच्या सरळ रस्त्यावर गेल्या. काटा तपासायची रीत सोपी. रस्त्याच्या कडेला किलोमीटरचे दगड असतात. काटा साठावर धरून ठेवायचा, एका दगडाशी घड्याळ चालू करायचं, पुढच्या दगडाशी बंद. साठाच्या वेगाला बरोबर एक मिनिट लागलं पाहिजे. कारखान्यातलं जुनं स्टॉपवॉच बाईंच्या खिशात कायम असे. इतर बायका चष्मा विसरत नाहीत तसं त्यांचं ते.

मिनिट उलटून गेलं तरी दगड आला नाही. म्हणजे गाडी खरी पंचावन्नाने चालली होती. काटा पाच जास्त दाखवत होता.

त्यात काही नवल नव्हतं. जुन्या गाड्यांना कोणी वेगळ्याच मापाची चाकं घालतो, काटा चुकतो. पण चाकांची चूक वेगाबरोबर वाढते, तिशीत थोडी, साठीत दुप्पट. बाईंनी तिशीत तपासलं, चाळिशीत तपासलं. प्रत्येक वेळी पाचच. गाडी उभी केली, तरी काटा शून्यावर न येता पाचावर लोंबकळत राहिला. अशी चूक चाकांची नसते. काढून बसवताना कोणीतरी काटाच तिरका बसवलेला असतो. काढायचा, सरळ बसवायचा, झालं. बाई खुशीत घरी आल्या.

मिस्त्री त्यांच्या ओळखीचा, कारखान्यातलाच. त्याने डॅशबोर्ड उघडून मीटर बाहेर काढला, टेबलावर ठेवून मोटरने फिरवला. काटा अचूक. मोटर बंद केली, काटा शून्यावर येऊन गप्प.

"बाई, याला काहीही झालेलं नाही."

परत गाडीत बसवला. काटा उठला आणि पाचावर जाऊन थांबला.

मिस्त्रीने केबल बदलली. पाच. मग केबल काढूनच टाकली. आता मीटरला चाकाशी जोडणारं काहीच नव्हतं. नुसता डबा, चार स्क्रूंवर बसवलेला.

पाच.

मिस्त्रीने हात पुसले. बराच वेळ पुसत राहिला. "चुंबक असेल कुठेतरी," म्हणाला.

"असेल," बाई म्हणाल्या. "शोधू." पण चुंबकाजवळचा काटा असा हलत नाही, हे दोघांनाही कळत होतं. पाचावरचा तो काटा अगदी थोडा थरथरत होता. एका ठेक्यात. वर, खाली. वर, खाली.

४

त्यानंतर बाईंना तो आवाज ऐकू येऊ लागला. किंवा आधीपासून येत होता, आता लक्षात आला.

पुढे सीटवर बसलं की मागच्या खोलीतून टप, टप, टप. बाईंनी कपाटाच्या कडीला चिंधी बांधली. टप, टप. भांडी काढून सगळी पलंगावर मांडली. टप, टप. मागे जाऊन उभं राहिलं की सगळं चिडीचूप. परत पुढे येऊन बसलं की दहा श्वास शांतता, मग पुन्हा सुरू.

घाबरणाऱ्यातल्या त्या नव्हत्या. आवाज म्हणजे सैल झालेलं काहीतरी, आणि सैल झालेलं सापडतं. त्यांनी डोकं चालवलं. सैल वस्तू गाडीबरोबर वाजते. वेग वाढला की तिचा ठोका वाढतो, खड्डा आला की चुकतो. म्हणून त्या रस्त्यावर गेल्या आणि एका हातात स्टॉपवॉच धरून मागचे ठोके मोजले. हळू चालवून मोजले, जोरात चालवून मोजले, खड्ड्यातून मोजले, मग कडेला गाडी उभी करून, इंजिन बंद करून मोजले.

ठोका बदललाच नाही. रस्त्याशी, इंजिनाशी, चाकांशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं.

संध्याकाळी मुलगा सामान बांधायला मदत करायला आला. आईचं तोंड बघून त्याने चेष्टा केली, "काय गं, काट्याने काटा निघेना वाटतं?"

"उभ्या गाडीला पाच दाखवतो. चालत्या गाडीला पाच जास्त दाखवतो. कारण सापडत नाही."

"पाच म्हणजे माणसाची चाल," मुलगा खोक्याला दोरी बांधत म्हणाला. "गाडी पंचावन्नाने जातेय, आणि आत कोणीतरी पाचाने पुढे चालत येतंय. त्याचा वेग साठ. तुझा काटा गाडीचा नाहीच, त्याचा वेग दाखवतो. घ्या, सुटलं गणित!" आणि तो हसला.

बाईंनाही हसू आलं. मग हसता हसता हातातलं भांडं त्यांनी हळूच खाली ठेवलं. गणित बरोबर होतं. जन्मभर काटे सरळ केलेल्या बाईला ते नाकारता येईना. चालत्या गाडीतही बरोबर, उभ्या गाडीतही बरोबर. काट्यात दोष नव्हताच. तो खरं तेच दाखवत होता.

पण चार पावलांच्या खोलीत पुढे पुढे चालून माणूस चालणार किती? दोन श्वासांत केबिनला येऊन धडकायला हवा. हा तर चालतोच आहे. म्हणजे जिथून तो चालत येतोय, तिथून केबिन बरीच लांब असली पाहिजे.

"आई, काय झालं?"

"काही नाही. दोरी घट्ट बांध. सैल राहिलेलं मला आवडत नाही."

५

तपासणीच्या आदल्या दिवशी मिस्त्री आपणहून आला. बाईंकडे न बघता बोलला.

"असं करू. काटा काढून पाच घरं मागे बसवतो. उभ्या गाडीला शून्य दिसेल, चालत्या गाडीला बरोबर दिसेल. तपासणीवाल्या साहेबाला काय कळतंय? तुमचं काम झालं."

बाई एकदम उसळल्या. "म्हणजे ताप तसाच ठेवून थर्मामीटर वाकवायचा? कारखान्यात तुमच्यासमोर एक बॉयलर फुटला होता ना? तिथेही असाच काटा वाकवणारा कोणीतरी शहाणा होता. मी आजवर खोटा काटा पास केला नाही, मिस्त्री. माझ्या घराचा तर मुळीच करणार नाही."

"मग नापास व्हाल."

"होणार नाही."

"बाई, हट्ट पुरे. पोरगा चांगला आहे तुमचा. खोलीत रंगबिंग दिलाय..."

"तुम्ही राहा जाऊन तिथे. बटण दाबा दिवसभर."

मिस्त्री तोंड पाडून गेला. बाईंना वाईट वाटलं. माणूस भल्याचंच सांगत होता. पण राग तसाच होता, आणि तो मिस्त्रीवरचा नव्हताच. नवऱ्याने न विचारता मरून जायचं, घरमालकाने घर मागायचं, पोराने बटण लावायचं, आणि आता हे मागून चालत येणारं जे काही असेल त्याने काटा बिघडवायचा! जो तो बाईंच्या आयुष्यात घुसून ठरवतोय. त्यांना विचारायचं कोणी?

त्या तरातरा जाऊन चालकाच्या सीटवर बसल्या. बाहेर लख्ख ऊन होतं, कोणीतरी दोरीवर कपडे वाळत घालत होतं. मागे टप, टप, टप. समोर काटा पाचावर थरथरत.

"ए," बाई मागे न वळता म्हणाल्या. "किती दिवस चालणार? एक तर मागे फीर, नाही तर ये पुढे. हे अधलंमधलं मला चालत नाही. तुझ्या चालण्यापायी माझं घर जातंय. कळलं? यायचं तर ये. एकदाचं पोच आणि उभं राहा गप्प!"

टप, टप, टप.

टप.

आणि थांबलं.

दोरीवरचे कपडे हलत होते. बाईंनी श्वास रोखून ऐकलं. काहीच नाही. चिंधी बांधलेली कडी नाही, भांडं नाही. मग त्यांनी काट्याकडे पाहिलं. काटा हळूहळू, शहाण्या मुलासारखा खाली आला आणि शून्याच्या रेघेवर बसला.

अगदी रेघेवर. केसभर इकडे नाही की तिकडे नाही.

बाईंना जिंकल्यासारखं वाटलं. खोटं कशाला सांगा, त्या मोठ्याने हसल्याही. तिथल्या तिथे मिस्त्रीला बोलावून केबल जोडून घेतली. काय केलंत, असं त्याने विचारलं, तर म्हणाल्या, "दम दिला."

६

तपासणीची जागा म्हणजे पत्र्याचं उंच शेड होतं. जमिनीत लोखंडी रोलर बसवलेले. त्यावर गाडीची चाकं चढवायची आणि वेग द्यायचा. चाकं फिरतात, गाडी जागच्या जागी. साहेब बाहेर आपल्या यंत्राजवळ उभा राहून त्याचा आकडा आणि गाडीचा काटा ताडून बघतो. साहेब तरुण होता, त्याला भूक लागलेली दिसत होती.

"आजी, गाडी कोण चालवणार?"

"आजी," बाई म्हणाल्या आणि चढून बसल्या.

शेडमध्ये अंधारच होता, म्हणून बाईंनी डायलमागचा दिवा लावला. चाकं फिरायला लागली. सगळी गाडी दात वाजवल्यासारखी थडथडत होती. साहेब ओरडला, "साठ धरा!"

बाईंनी साठ धरला.

"यंत्रावर साठ! काटा?"

"साठ!" बाई ओरडल्या, आणि त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. किती सुंदर उभा होता काटा! साठाच्या रेघेवर, रेघ झाकून. असा काटा जुळला की त्या कारखान्यातही क्षणभर नुसत्या बघत बसायच्या. तशाच त्या बघत बसल्या.

काटा गोल काचेच्या आत होता. मागे दिवा, पुढे अंधार. काचेत त्यांना स्वतःचा चेहरा दिसत होता, बारका, चष्म्यासकट. त्याच्या वर सीटची पाठ. आणि सीटच्या पाठीवर, वरच्या कडेला, मागून पुढे वाकलेली बोटं.

नुसती ठेवलेली. घट्ट पकडलेली नाहीत. रांगेत उभा असलेला माणूस पुढच्या बाकावर हात टेकून आपला नंबर यायची वाट बघतो, तशी.

"सोडा आता! शून्यावर येऊ दे!"

बाईंनी पाय उचलला. चाकं थांबली. काटा शून्यावर आला. शून्य. म्हणजे ते कुठेही चालत नव्हतं, मागेही नाही, पुढेही नाही. आणि का चालत नव्हतं हे आता त्यांना कळलं. ते काही त्यांच्या दमाला भिऊन परतलं नव्हतं. दम त्याने ऐकला, आणि सांगितलं तसंच केलं. ते पोचलं होतं.

साहेबाने खिडकीतून कागद आत दिला. "पास. आजी, एवढा अचूक काटा नव्या गाड्यांनाही नसतो हो."

"आहेच मुळी," बाई म्हणाल्या. आणि कागदाची घडी करून त्यांनी खिशात टाकली.

७

मुलाचा फोन आला, तेव्हा बाई रस्त्याला लागल्या होत्या. "पास? खरंच?" त्याने पुन्हा पुन्हा विचारलं. मग हळूच म्हणाला, "बरं. ठरलं होतं ते ठरलं. बटण काढून टाकतो."

"राहू दे. तुला लागेल म्हातारपणी."

तो हसला. बाईंना एकदम त्याला सगळं सांगावंसं वाटलं. पण सांगितलं असतं, तर तो धावत आला असता, गाडीतून उतरवून घेऊन गेला असता, आणि आयुष्यभर मायेने वागला असता. बाईंनी फोन डॅशबोर्डवर ठेवला.

गावाबाहेर, त्याच सरळ रस्त्याच्या कडेला, मोकळ्या माळावर एक मोठं झाड होतं. बाईंनी झाडाखाली गाडी उभी केली. दुपार होती. इंजिन बंद केल्यावर इतकं शांत झालं, की स्वतःच्या हातावरचं घड्याळ ऐकू आलं.

सीटची एक वर आलेली स्प्रिंग त्यांना टोचत होती. सीट अशी झिजली कशी, ते आता सांगायला नको होतं. म्हातारा उठतच नव्हता. इथेच झोपत होता, इथेच चहा पीत होता, इथेच सह्या करत होता. पलंग मागे आहे, म्हणाला होता. बरोबरच म्हणाला होता बिचारा.

आता बाईंनीही तेच करायचं? या सीटवर बसून झोपायचं, आणि चार पावलांवरची कोरी गादी आरशातून बघायची? मग त्या बटणाच्या खोलीने काय घोडं मारलं होतं? तिथे निदान पाय तरी लांब करता आले असते.

भीती वाटत होती. पण त्याहून जास्त संताप आला होता.

"हे बघ," बाई काचेकडे बघत म्हणाल्या. बोटं तिथेच होती. "पुढचं माझं आणि मागचंही माझं. वाटणी नाही. उभं राहायला जागा दिली ती मेहेरबानी समज. मी जाते पलंगावर. सरक."

त्यांनी किल्ली काढून मुठीत घट्ट धरली आणि उठल्या. वळताना डोळे मिटले नाहीत, हे मुद्दाम सांगायला हवं. सीटमागे कोणी नव्हतं. फक्त दारातून जाताना, भरल्या खोलीत आपण अंग चोरून जातो आणि समोरचाही अंग चोरतो, तसं काहीतरी झालं. त्यांच्या एका बाजूने गारवा सरकून पुढे गेला.

८

गादीवरचं प्लास्टिक बाईंनी दोन्ही हातांनी टराटरा फाडलं. काय गोड आवाज होता तो! मग पाठ टेकली. पाय लांब केले. खिडकीतून झाड दिसत होतं, रस्त्याकडेचा किलोमीटरचा दगड दिसत होता.

"झालं काही?" त्या छताला म्हणाल्या. "उगाच घाबरून म्हाताऱ्याने जन्म काढला."

तेवढ्यात पुढे स्प्रिंग कुरकुरली.

तो आवाज त्या ओळखत होत्या. चालकाच्या सीटवर पूर्ण वजन टाकून कोणी बसलं, की त्या दोन स्प्रिंगा तशा बोलत. बाई कोपरावर उठल्या. सरळ समोर सीटची उंच पाठ दिसत होती, तिच्यावर डोकं दिसत नव्हतं. बाजूला डायल. बाईंच्या मुठीत किल्ली रुतत होती. काटा शून्यावर होता.

मग काटा उठला. दहा. वीस. चाळीस.

झाड होतं तिथेच होतं. बाईंनी त्याच्यावर नजर रोवली. मग झाड हलल्यासारखं झालं, आणि मागे गेलं. दगड मागे गेला. इंजिनाचा आवाज सगळ्यात शेवटी आला.

डॅशबोर्डवर फोन वाजायला लागला. वाजून वाजून थांबला.

बाई पलंगावरून खाली उतरल्या. बाह्या सरसावल्या आणि पुढे निघाल्या. चार पावलं, ती काय लागतात? कपाट ओलांडलं, ओटा ओलांडला, शेगडी ओलांडली. सीटची पाठ समोर, हात पुढे केला की लागेल अशी. हात पुढे केला. लागली नाही. अजून चार पावलं राहिली होती. डावीकडे पाहिलं, तर ओलांडलेलं कपाट पुन्हा पुढे होतं, आणि कडीला त्यांनीच बांधलेली चिंधी लोंबत होती.

त्या चालत राहिल्या. टप, टप, टप. पायातल्या चपलांचा आवाज त्यांना ओळखीचा वाटला.

जन्माची सवय जात नाही. खिडकीत दगड आला तसा हात आपसूक खिशात गेला आणि स्टॉपवॉच दाबलं गेलं. पुढचा दगड आला तेव्हा पुन्हा दाबलं. मिनिट होऊन वर थोडे सेकंद गेले होते. म्हणजे गाडी पंचावन्नाने चालली होती. बाईंनी मान उंच करून डायलकडे पाहिलं. काटा साठावर थरथरत होता. एका ठेक्यात, त्यांच्या पावलांच्या.

पाचने पुढे.

"असं होय," काटेबाई म्हणाल्या.

खाली बसावं, गुडघ्यात डोकं घालून रडावं, असंही वाटलं. पण बसलं तर अंतर वाढणार, हे गणित त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. त्यांनी चष्मा नाकावर सारखा केला, किल्ली दातांत धरली, मग पुन्हा काढली, कारण एक वाक्य बोलायचं राहिलं होतं.

"बस, बस हौसेने. सीट गार होऊ देऊ नकोस. आलेच मी."

आणि त्यांनी चाल वाढवली. पुढे डायलमध्ये काटा अंमळ वर सरकला. सहाने पुढे.